विल्यम लाँगस्पेची आई कोण, आणि त्या इडाचं माहेर कोणतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लेस्टरला राहता, यजमान इंग्रज आहेत. तुमच्या नणंदेने इंटरनेटवरचे वंशवृक्ष जोडत जोडत घराण्याची वेल मागे नेली आणि ती विल्यम लाँगस्पे या सॉल्सबरीच्या अर्लपर्यंत पोचली (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार, त्याच्या बायकोला काउंटेस म्हणतात). हा इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाचा अनौरस मुलगा. त्याच्या आईच्या रकान्यात मात्र एका ठिकाणी रोझमंड क्लिफर्ड आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘नॉरफोकची काउंटेस इडा’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘इडा द टोस्नी’. यातलं खरं कोणतं, आणि मुलांसाठी जो तक्ता करताय त्यात काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय.

हा एक प्रश्न वाटतो, पण यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. लाँगस्पेच्या आईचं नाव काय होतं? त्या नावाची ती बाई म्हणजे नेमकी कोण? आणि तिचे आईबाप कोण? तिन्हींचा पुरावा वेगळा आहे आणि त्याचं वजनही सारखं नाही. पहिली दोन उत्तरं आज पक्की म्हणता येतात. तिसरं बऱ्यापैकी संभाव्य आहे, त्यापलीकडे नाही. वंशवृक्षाच्या वेबसाइटवर तिन्ही रेषा सारख्याच जाडीच्या दिसतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. मी ही कामं बरीच वर्षं करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या वंशावळींत बिघाड बहुतेक वेळा याच जातीचा असतो: नाव बरोबर, माणूस बरोबर, पण दोघांमधल्या रेषेला आधार किती आहे याची नोंदच नाही.

मध्ययुगीन इंग्रज बायकांचं माहेर शोधणं अवघड का जातं, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत उघडून बघा. पुरुषांच्या पिढ्या घडाघड मागे जातात, आणि बायकोच्या जागी नुसतं सासरचं नाव, नाहीतर तेही नाही. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हीच अवस्था आहे, फक्त तिथे कुलवृत्तांतही नाही. त्या काळी जन्माची नोंद कुठेच होत नसे. लग्नाची नोंद झालीच तर ती लग्न म्हणून नव्हे, जमिनीचा किंवा पैशाचा व्यवहार म्हणून. त्यामुळे बाई सापडते ती चार प्रसंगी: तिच्याबरोबर जमीन आली तेव्हा, ती विधवा झाली आणि नवऱ्याच्या मिळकतीतला तिसरा हिस्सा मागायला उभी राहिली तेव्हा, ती किंवा तिचा मुलगा एखाद्या मठाला दान देत होता तेव्हा, आणि तिच्या नात्यावरून भांडण झालं तेव्हा.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. सगळ्यात आधी शतक. राजाच्या खजिन्याचे वार्षिक हिशेब, ज्यांना पाइप रोल म्हणतात, ते ११३० सालचा एक सुटा सोडला तर ११५५–५६ पासून सलग मिळतात. जमिनीच्या तडजोडींची सरकारी प्रत ११९५ पासून ठेवली जाऊ लागली. राजाच्या दफ्तरातून गेलेल्या पत्रांच्या नकला जॉन राजाच्या काळापासून, म्हणजे ११९९ नंतरच्या. जमीनदार मेल्यावर त्याचा वारस कोण, त्याचं वय किती, याची जी चौकशी होई तिचे कागद १२३०च्या दशकापासून मिळू लागतात. म्हणजे चौदाव्या शतकातल्या एखाद्या बॅरनच्या मुलीसाठी जे एका दुपारी सापडू शकतं, ते ११७५च्या बाईसाठी कधीच सापडणार नाही, कारण तो कागदच जन्माला आलेला नव्हता. दुसरी गोष्ट, ती बाई वारसदार होती का. भाऊ नसलेली मुलगी म्हणजे चालतीबोलती जहागीर, तिच्यामागे कागदांचा ढीग असतो. चार भावांची बहीण कागदावर जवळजवळ अदृश्य. तिसरी गोष्ट निव्वळ नशिबाची: तिच्या घराण्याने ज्या मठाला दानं दिली त्या मठाची दफ्तरं १५३६ ते १५४०च्या मठबंदीतून वाचली की नाही.

आता रोझमंड. तिला आधी बाजूला करू, कारण ते सोपं आहे. रोझमंड क्लिफर्ड ही हेन्रीची प्रेयसी होती याबद्दल वाद नाही. ती ११७६च्या सुमारास वारली, ऑक्सफर्डजवळ गॉडस्टोच्या जोगिणींच्या मठात तिला पुरलं, आणि तिच्या बापाने, वॉल्टर क्लिफर्डने, बायकोच्या आणि या मुलीच्या आत्म्यासाठी त्या मठाला दान दिलं. ११९१ मध्ये लिंकनचा बिशप ह्यू तिथे आला. चर्चच्या आत वेदीसमोर फुलांनी आणि दिव्यांनी सजवलेली तिची कबर बघून तो भडकला आणि ती बाहेर हलवायला लावली. इथपर्यंत इतिहास. वुडस्टॉकचा भुलभुलैया, एलिनॉर राणीने पुढे केलेला विषाचा पेला, हे सगळं नंतरचं. लाँगस्पे आणि हेन्रीचा दुसरा अनौरस मुलगा जेफ्री, जो पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला, हे दोघे रोझमंडचे मुलगे हीसुद्धा तशीच उशिराची भर, तिच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी घातलेली. जेफ्री जन्मला ११५१च्या आसपास, तेव्हा रोझमंड फार तर लहान मुलगी असेल. लाँगस्पेच्या बाबतीत तारखा इतक्या ठणठणीत आड येत नाहीत, म्हणून ती गोष्ट जास्त टिकली. पण तिला समकालीन आधार एकही नाही. प्रसिद्ध माणसाच्या आईची जागा रिकामी असली की लोक तिथे सगळ्यात प्रसिद्ध प्रेयसी बसवतात. माझ्या अनुभवात हा नियमच आहे, आणि ‘आई माहीत नाही’ असं लिहिलेलं झाड मला ‘रोझमंड’ लिहिलेल्या झाडापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

खरा पुरावा आला तो विल्टशरमधल्या ब्रेडनस्टोक नावाच्या एका मध्यम आकाराच्या मठातून. तो तिथेच का सापडावा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात शोधाची पद्धत आहे. लाँगस्पे स्वतःच्या जन्मामुळे अर्ल झालेला नव्हता. त्याचा सावत्र भाऊ रिचर्ड राजा याने ११९६ मध्ये त्याचं लग्न इला या लहान मुलीशी लावून दिलं. ती सॉल्सबरीच्या अर्लची एकुलती वारस होती, आणि तिच्यामुळे हा अर्ल झाला. (ही इला स्वतंत्र लेख लिहावा अशी बाई आहे. नवरा गेल्यावर तिने विल्टशरचं शेरिफपद स्वतः सांभाळलं, लेकॉकचा मठ स्थापला आणि पुढे त्याच मठाची प्रमुख झाली.) ब्रेडनस्टोकचा मठ इलाच्या पणजोबाने, वॉल्टरने, ११४२ मध्ये स्थापलेला. म्हणजे लाँगस्पेच्या सासुरवाडीचा मठ. तिथे दान देताना त्याने रिवाजाप्रमाणे आपल्या माणसांच्या आत्म्यांचा उल्लेख केला, आणि त्या ओळीत लिहिलं: ‘माझी आई काउंटेस इडा’.

मठाच्या भिक्षूंनी आपली सगळी दानपत्रं एका वहीत उतरवून ठेवली होती, म्हणून तो मजकूर टिकला. मठ बुडाला, इमारत पडकी झाली, विसाव्या शतकात तर अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्ट याने तिचे उरलेसुरले भाग विकत घेऊन वेल्समधल्या आपल्या किल्ल्यात नेऊन बसवले, पण वही राहिली. ती संपादित होऊन १९७९ मध्ये छापली गेली तेव्हा ती ओळ कुणालाही सहज दिसण्याजोगी झाली. लाँगस्पेची आई शोधणारे इतके दिवस राजाच्या दफ्तरात आणि बखरींत शोधत होते. सुनेच्या माहेरच्या मठात डोकावायचं कुणाला सुचणार! मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. बाईचं नाव हवं असेल तर तिच्या नवऱ्याचे कागद बघून झाल्यावर तिच्या मुलांच्या सासरचे मठ बघायचे. दान देणारा माणूस कृतज्ञतेच्या किंवा भीतीच्या भरात आईचं नाव घेतो, आणि ते तो कुठे घेईल याचा नेम नसतो.

पण ‘काउंटेस इडा’ म्हणजे कोण? इथे पहिला तर्क सरळ आहे. लाँगस्पे ११९६ ते १२२६ या काळात अर्ल होता, तेव्हा दानपत्र त्या तीस वर्षांतलं. त्या काळात इंग्लंडमधल्या अर्लांच्या बायकांची यादी काही फार लांब नाही, आणि तिच्यात इडा नावाची एकच आहे: नॉरफोकचा अर्ल रॉजर बायगॉड याची बायको. तरीही एवढ्यावर मी सही करणार नाही, आणि एखाद्या चांगल्या शंकेखोराने करूही नये. समुद्रापलीकडे बूलोनची काउंटेसही इडाच होती, स्वतःच्या हक्काने काउंटेस, ११७३ ते १२१६. हेन्रीची अर्धी हयात फ्रान्समध्येच गेली. मग ती का नाही?

याचं उत्तर मिळालं एका अगदी वेगळ्या कागदात. २७ जुलै १२१४ रोजी बूव्हीनला फ्रान्सच्या फिलिप राजाने इंग्रज आणि जर्मन बाजूच्या फौजेचा धुव्वा उडवला. लाँगस्पे त्या लढाईत होता. बोव्हेच्या बिशपाने त्याच्या डोक्यात सोटा घालून त्याला आडवा केला (धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तलवारीऐवजी सोटा, असा तो न्याय!), आणि तो पकडला गेला. फ्रेंचांनी कैद्यांच्या याद्या केल्या, कारण कैदी म्हणजे खंडणी. त्या यादीत एक नाव आहे: राल्फ बायगॉड. आणि त्याच्यापुढे कारकुनाने ओळख लिहिली आहे: ‘सॉल्सबरीच्या अर्लचा भाऊ’.

आता हा ताळा बघा. राल्फ बायगॉड हा रॉजर आणि इडा यांचा मुलगा. तो लाँगस्पेचा भाऊ बापाकडून असणं शक्य नाही, कारण एकाचा बाप राजा आणि दुसऱ्याचा बाप नॉरफोकचा अर्ल. उरते आई. इंग्रज मठातला एक दानलेख आणि फ्रेंच खजिन्याची एक कैद्यांची यादी, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन लेखनिक, दोघांनाही पुढे कुणी वंशावळ लिहिणार आहे याची कल्पना नाही, आणि दोघे एकाच बाईकडे बोट दाखवतात. माझ्या धंद्यात यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळतो. खंडणीची यादी करणाऱ्या कारकुनाला खोटं बोलण्याचं कारणच नव्हतं. बापाकडून राजपुत्र असलेल्या माणसाचा भाऊ म्हटलं की खंडणी वाढते असं कुणी म्हणेल, पण तसं असतं तर त्याने ‘राजाचा भाऊ’ लिहिलं असतं. त्यात ब्रेडनस्टोकचा दानलेख आधीच हातात आहे. आणखी एक बारीकसा दुजोरा: लाँगस्पेने आपल्या एका मुलीचं नाव इडा ठेवलं होतं. तुमच्या नणंदेचं झाड तपासताना इथे जपा, कारण बऱ्याच झाडांत ही नात आणि तिची आजी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि नातीचा नवरा आजीच्या नावापुढे जाऊन बसला आहे.

इथवर जमा काय झालं ते सांगतो. रोझमंड बाद. आईचं नाव इडा, हे मुलाच्या स्वतःच्या शब्दांत. ती इडा म्हणजे रॉजर बायगॉडची बायको, हे दोन स्वतंत्र कागदांवरून. इथपर्यंत तक्त्यात सरळ रेघ ओढा.

पुढे वाट जरा निसरडी आहे. इडा कुणाची मुलगी?

अशा वेळी माझी नेहमीची युक्ती म्हणजे जमिनीचा माग काढणं. बापाने मुलीला आंदण म्हणून एखादं गाव दिलं की ते गाव तिच्या मुलांकडे, नातवंडांकडे जातं. ते गाव १०८६च्या डूम्सडे पाहणीत कुणाकडे होतं, ११६६ मध्ये बॅरन लोकांनी राजाला आपापल्या सरंजामाची जी विवरणं पाठवली त्यांत कुणाकडे होतं, आणि पुढे नवऱ्याच्या घराण्याकडे कसं आलं, हे बघत गेलं की माहेर उलगडतं. बाईचं नाव हरवतं, गाव हरवत नाही. इडाबरोबरही गावं आली: नॉरफोकमधली ॲकल, हॅल्व्हरगेट आणि साउथ वॉल्शॅम. ११८१च्या नाताळाच्या सुमारास राजाने हे लग्न लावून दिलं आणि ती तीन गावं रॉजरला दिली, हे खजिन्याच्या हिशेबांतून दिसतं.

पण इथे ही युक्ती आपल्याला दगा देते. कारण ती गावं इडाच्या बापाकडून आलेली नाहीत. ती पूर्वी बायगॉडांच्याच ताब्यात होती. रॉजरचा बाप ह्यू ११७३–७४च्या बंडात राजाविरुद्ध गेला, त्याचा फ्रॅमलिंगहॅमचा किल्ला राजाने पाडला, आणि तो ११७७ मध्ये वारल्यावर वारसा लटकत ठेवला. रॉजरला अर्लपदसुद्धा हेन्री मेल्यानंतर, ११८९ मध्ये, रिचर्डने दिलं. म्हणजे राजाने काय केलं? जिच्यापासून आपल्याला मूल झालं त्या मुलीला चांगलं घर बघून दिलं, आणि नवऱ्याचीच जप्त गावं तिच्या नावाने त्याला परत केली. खिशातून काही गेलं नाही आणि बायगॉडही हाताशी राहिला. हेन्रीची ही चाल मला नेहमी गंमतशीर वाटते, पण वंशशोधकाच्या दृष्टीने ती आपत्ती आहे. जमीन इथे माहेराबद्दल एक अक्षर बोलत नाही. एवढंच सांगते की इडाचं लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे होता, म्हणजे ती राजाच्या पालकत्वाखाली असावी. बाप लवकर मेलेल्या सरदारकन्येची तीच गत होती.

मग टोस्नी हे नाव कुठून आलं? नावांच्या वाटेने आणि तारखांच्या वाटेने. टोस्नी हे नॉर्मंडीतलं मोठं घराणं, इंग्लंडमध्ये त्यांचं मुख्य ठाणं हर्टफर्डशरमधलं फ्लॅमस्टेड. त्या घराण्यातल्या रॉजरची बायको इडा, ही आजच्या बेल्जियमकडच्या एनोच्या काउंटची मुलगी. इडा हे नाव तेव्हाच्या इंग्लंडमध्ये फारसं चालत नव्हतं, ते त्या बाजूने आलेलं नाव. रॉजर आणि इडा यांचा मुलगा राल्फ, त्याची बायको लेस्टरच्या अर्लची मुलगी मार्गारेट. (तुमचंच लेस्टर. तिच्या बापाचा, रॉबर्टचा, किल्ला तुमच्या गावात होता.) हा राल्फ ११६२ मध्ये वारला, मुलं लहान असताना. आता आपल्या इडाकडे बघा. आजीचं नाव नातीला. बाप लवकर गेलेला, म्हणून राजाचं पालकत्व. ११५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला जन्म धरला तर ११७०च्या दशकात राजाची नजर पडण्याच्या वयाची, ११८१ मध्ये लग्नाच्या वयाची. आणि तिच्या मुलांची नावं: बायगॉडांची नेहमीची नावं रॉजर, ह्यू, विल्यम. त्यांत एक राल्फ येतो आणि मुलींत एक मार्जरी, म्हणजे मार्गारेटच. इडाच्या आईबापांची नावं, जर ती टोस्नी असेल तर.

सगळं चपखल बसतं. पण चपखल बसणं आणि सिद्ध होणं यांत फरक आहे, आणि तो मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगतो. ‘राल्फ द टोस्नीची मुलगी इडा’ असं सरळ सांगणारी ओळ माझ्या नजरेसमोर नाही. आहेत त्या जुळणाऱ्या खुणा. दुसरं कुठलं घराणं इतकं जुळत नाही, म्हणून मी टोस्नीच्या बाजूने आहे, आणि आज या विषयात काम करणाऱ्या बहुतेकांचं मतही तिकडेच झुकतं. पण तक्त्यात ही रेघ मी तुटक काढीन.

तुटक रेघेचा एवढा आग्रह का, ते दुसऱ्या एका बाईच्या उदाहरणाने सांगतो. ससेक्समधल्या लुइस गावी क्लूनी पंथाचा इंग्लंडमधला पहिला मठ विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको गुंद्रादा यांनी स्थापला. गुंद्रादा १०८५ मध्ये बाळंतपणात वारली. पुढची कित्येक शतकं ती विजेत्या विल्यम राजाची मुलगी मानली गेली, कारण मठाच्या कागदांत तसं लिहिलेलं होतं. १८४५ मध्ये रेल्वेचा मार्ग मठाच्या अवशेषांतून खोदला जात असताना शिशाच्या दोन पेट्या निघाल्या, झाकणांवर तिचं आणि नवऱ्याचं नाव. तिच्या काळ्या संगमरवरी समाधीशिलेवर ती ‘ड्यूकांच्या कुळातली’ असल्याचं कोरलेलं आहे. लोकांना वाटलं, झालं सिद्ध! पण ती शिला तिच्या मृत्यूनंतर सुमारे साठ वर्षांनी घडवलेली, आणि ज्या दानपत्रात विल्यमची राणी मटिल्डा ही तिची आई म्हटली आहे ते मठाने मागाहून रचलेलं. संस्थापिका राजकन्या असली की मठाची शान वाढते, एवढं सोपं कारण.

तिचा निकाल लावला तो एका नकाराने. विजेत्या विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याला राजा असताना आपली एक अनौरस मुलगी गुंद्रादाच्या मुलाला द्यायची होती. आर्चबिशप ॲन्सेल्मने पत्र लिहून ते लग्न अडवलं, कारण वधूवरांचं नातं एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत जुळत होतं. आता गुंद्रादा जर पहिल्या हेन्रीची बहीण असती, तर ती दोघं सख्खी आतेमामे भावंडं झाली असती. मग ॲन्सेल्म चार आणि सहा पिढ्या मोजत बसला असता का? एका ओळीत विषय संपला असता. इतिहासकार ऑर्डरिक व्हिटॅलिसने तर तिला फ्लँडर्सच्या गर्बोडची बहीण म्हणून नोंदवलंच आहे. तरी आजही वेबसाइटवर गुंद्रादा राजकन्याच आहे, कारण ज्याने कुणी पहिल्यांदा ती रेघ ठळक काढली त्याच्यावरून बाकीच्यांनी उतरवून घेतली. इडाच्या बाबतीत पुरावा त्याच्या उलट दिशेचा आहे, तो दानपत्र लिहिणाऱ्याच्या फायद्याचा नाही. पण टोस्नीची रेघ आज ठळक केली आणि उद्या कुणाला एखाद्या अप्रकाशित दानपत्रात वेगळाच बाप सापडला, तर ती पुसायला कुणी येणार नाही.

अशाच धर्तीवर तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर ११८५ सालची एक सरकारी यादी जरूर बघा. ती छापलेली आहे. राजाच्या अखत्यारीतल्या विधवा आणि पोरकी मुलंमुली यांची बारा काउंट्यांतली पाहणी आहे ती: बाईचं वय, तिला मुलं किती, ती कुणाची मुलगी किंवा बहीण, तिच्या जमिनीचं उत्पन्न काय, बैल किती, मेंढ्या किती. वयं अंदाजाने दिलेली असतात, पन्नास, साठ अशी गोल, त्यामुळे त्यांवरून जन्मसाल काढू नका. पण नात्यांसाठी बाराव्या शतकात याच्या तोडीचं दुसरं साधन नाही. एरवी बायकांना वगळणाऱ्या राज्यकारभाराने त्यांना पैशासाठी मोजलं आणि आपलं काम केलं.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तुमच्या वंशावळीत लाँगस्पेपर्यंतचा वरचा भाग शेकडो अभ्यासकांनी तपासलेला आहे. तो राजाचा मुलगा होता हे राजाच्या दफ्तरात ठायी ठायी आहे, जॉन राजाची पत्रं त्याला भाऊ म्हणतात, सॉल्सबरी कॅथीड्रलमध्ये त्याच्या पुतळ्याच्या ढालीवर आजोबांचेच, आंजूच्या जेफ्रीचे, सहा सिंह आहेत. (त्याच थडग्यात १७९१ मध्ये त्याच्या कवटीत मेलेला उंदीर सापडला. तो उंदीर सॉल्सबरीच्या संग्रहालयात आहे, मुलांना नक्की दाखवा, ती इडापेक्षा उंदीरच लक्षात ठेवतील.) मोडण्याची भीती असलेला भाग खालचा आहे, साधारण १५०० ते १७००. तिथे एक साधं शेतकरी किंवा व्यापारी घराणं अचानक एखाद्या जमीनदार घराण्याला जोडलं जातं, आणि त्या जमीनदारांची वेल तयारच असते.

तो जोड नेहमी एका लग्नावर टेकलेला असतो, आणि त्यातही बायकोच्या माहेरावर. चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८ मध्ये सुरू झाल्या, पण बऱ्याच गावांच्या पहिल्या वह्या टिकलेल्या नाहीत. राजाचे कुलचिन्ह-अधिकारी १५३० ते १६८८ दरम्यान काउंटी-काउंटीत फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत होते. त्या उपयोगी आहेत, पण त्या घरच्याच लोकांनी सांगितलेल्या आहेत. आजोबांपर्यंत त्यांच्यावर विश्वास ठेवावा, त्यामागे प्रत्येक पायरीला दुसरा कागद मागावा. तारखाही जपून वाचा. १७५२पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी १६४० म्हणून लिहिलेला बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने १६४१चा. या एका गोष्टीमुळे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि लोक उगाच दुसरी आई शोधायला निघतात.

तेव्हा मुलांच्या तक्त्यासाठी असं करा. लाँगस्पेच्या आईच्या जागी ‘इडा, नॉरफोकच्या अर्ल रॉजर बायगॉडची पत्नी’ असं लिहा, आणि खाली बारीक अक्षरात ब्रेडनस्टोकचं दानपत्र आणि बूव्हीनची यादी. तिच्या वर तुटक रेघेने राल्फ द टोस्नी आणि मार्गारेट, सोबत ‘संभाव्य’ हा शब्द. रोझमंड हवीच असेल तर समासात गोष्ट म्हणून ठेवा, ती गोष्ट मुलांना आवडेल. आणि नणंदेला एकच विचारा: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ज्या सुनेमुळे ही वेल सरदार घराण्याला लागते, तिचं माहेर कुठल्या कागदावरून घेतलं? मृत्युपत्र असेल, ज्यात बाप आपल्या जावयाचं नाव घेऊन त्याला काही देतोय, तर फारच उत्तम. नुसती लग्नाची नोंद असेल तर त्याच परिसरात त्याच नावाच्या आणखी किती मुली होत्या ते आधी मोजावं लागेल. तिने ‘दुसऱ्या झाडावरून घेतलं’ असं सांगितलं, तर त्या काउंटीच्या अभिलेखागारातून त्या काळातली मृत्युपत्रं मागवण्यापासून सुरुवात करा. सुनेचं नाव, तिचं गाव आणि लग्नाचं साल कळवलंत तर कोणती मृत्युपत्रं आधी बघायची ते मी सांगू शकेन.